उजव्या हाताची शिस्त

शनिवार संध्याकाळ, कळवा

सुट्टीवर घरी येऊन आठवडा झाला, तरी माझे हात अजून चीनमध्येच आहेत. आज आईनं चहा दिला आणि मी कप दोन्ही हातांनी घेतला. "अगं, पाहुणी आहेस का?" म्हणाली. हसू आलं, आणि पुन्हा तीच फजिती आठवली.

तिथे पहिलीच्या वर्गाला मी इंग्रजी शिकवते. मुलं वही द्यायची ती दोन्ही हातांनी. मला वाटलं, लहान आहेत, पडेल म्हणून घट्ट धरतात. मग काय, आईनं मला लावलेली शिस्त मी त्यांना लावली: द्यायचं-घ्यायचं ते उजव्या हातानं. 'राइट हँड' हे शब्दही पक्के होतील! पोरं चटकन शिकली. मी खूश.

मग त्यांच्या वर्गशिक्षिका लिनबाई आल्या, चेहरा उतरलेला. अख्ख्या वर्गानं त्यांना वह्या एका हातानं दिलेल्या. तिकडे मोठ्यांना असं देणं म्हणजे उर्मटपणा. कोणी सांगितलेला मला हा शहाणपणा? दुसऱ्या दिवशी वर्गासमोर मीच लिनबाईंना दोन्ही हातांनी वही देऊन दाखवली. लिनबाई हसल्या, तेव्हा जिवात जीव आला.

पण सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवसाचं काय करू? छोट्या मेईनं लिनबाईंना कागदाचं फूल दिलं, दोन्ही हातांनी. मग माझ्याकडे वळली, डावा हात मुद्दाम पाठीमागे नेला आणि दुसरं फूल उजव्या हातानं पुढे केलं. खास माझ्यासाठी.

मी ते दोन्ही हातांनी घेतलं.