निवडलेली मुलगी

अहो डॉक्टर,

आपल्या मुलीला तुम्हीच निवडलंत. लॅबमध्ये सगळ्या गर्भांची जनुकं तपासून म्हणालात, "हिची बुद्धी माझ्यावर जाणार. खाण तशी माती!" बाकीचे गर्भ गोठवून ठेवलेत.

पोरगी दहा वर्षांची झाली तरी पाढ्यांत अडखळते. रविवारी नव्या बायकोला घेऊन तिला भेटायला आलात आणि तेराचा पाढा म्हणायला लावलात. तेरा सातेला ती थांबली, ओठ चावत राहिली. तिच्यादेखत तुम्ही बायकोला म्हणालात, "निवड चुकली माझी. दुसरा गर्भ घ्यायला हवा होता."

मग मला बाजूला घेऊन उरलेले गर्भ मागितलेत, नव्या बायकोच्या पोटी वाढवायला. माझी सही हवी म्हणालात. तुम्ही गेल्यावर दाराआडून सगळं ऐकलेली पोरगीच पेन घेऊन आली.

"आई, कर ना सही. बाबांना हुशार मुलगी मिळाली की ते माझ्यावर चिडणार नाहीत."

काल लॅबमध्ये जाऊन मी सही केली, गर्भ नष्ट करायला. दोघांपैकी एकाने नको म्हटलं तरी पुरे, ही अट तुमचीच होती. आज सकाळी लॅबमधून फोन आला. काम झालंय.

हे पत्र मी पाठवणार नाही. बायकोचा हात धरून, हसत जा तुम्ही लॅबमध्ये. तिथेच कळू दे.

पोरीला मात्र सांगवत नाही. ती सारखी विचारते, "बहीण नक्की हुशार असेल ना गं?"

मी हो म्हणते.

तुमची आता कोणीच नसलेली,
तिची आई