शब्द भज्यांचा होता

घोडेगाव, ता. नेवासा
शनिवार, ३० ऑक्टोबर १९९९

तीर्थस्वरूप मामांस,

सायलीचा सविनय जय भीम. मामींचा गुडघा कसा आहे? सम्राटचा खोकला गेला असेल. (गेला नसल्यास आईने ओवा बांधून ठेवला आहे. पुण्याला कुणी आलं की पाठवू. सध्या कुणी येत नाही.) इकडे सगळे बरे आहोत. टेम्पोच्या मागच्या बाजूला बाबांनी पत्रा ठोकून घेतला, त्यामुळे भजी तळताना आता आईच्या पाठीला वारा लागत नाही. धूरही बाहेर जात नाही, पण त्यावर विचार चालू आहे.

माझ्या कॉम्प्युटरचं काय झालं, असं तुम्ही विचारलं होतं. पुढचा सहा महिन्यांचा कोर्स नगरला दिवाळीनंतर सुरू होतो. बाबांचं म्हणणं असं की तीन महिने शिकलीस ते पुष्कळ झालं, आता शेवगावला आत्याकडे राहा, तिथे बालवाडीवर बाई पाहिजे आहे. मी म्हटलं, कॉम्प्युटरवरून आपल्या टेम्पोला गिऱ्हाईक मिळू शकतं. तेव्हा बैलबाजाराचा दिवस होता. टेम्पोपाशी कानिफनाथ कंडक्टर आणि बैलांचे दोन व्यापारी चहा पीत होते. बाबा त्या सगळ्यांदेखत म्हणाले, "दिवाळीच्या आत एक प्लेट भजी त्या डब्यातनं इकून दाव. मग जा खुशाल नगरला." मी हो म्हटलं. एक प्लेट म्हणजे काही फार नाही, असं मला तेव्हा वाटलं.

हर्षल सरांनी (हे आमच्या क्लासचे सर, त्यांचं तालुक्याला इंटरनेटचं दुकानही आहे) मला रोज अर्धा तास मशीन दिलं आणि मी टेम्पोची वेबसाइट करायला घेतली. त्यात टेम्पोचा फोटो आणि खाली ऑर्डरचा फॉर्म, एवढंच. फोटोच्या वेळी बाबा म्हणाले की टेम्पो समोरूनच दिसला पाहिजे, कारण नंबर समोर आहे आणि हार समोर घालतात. भजी मागच्या बाजूला मिळतात. त्यामुळे वेबसाइटवर आमचा टेम्पो आता एखाद्या अपघातानंतर पंचनाम्याला उभा केल्यासारखा दिसतो. शिवाय फोटो वरून खाली हळूहळू उघडतो. आधी आभाळ येतं, मग बराच वेळ आभाळच असतं.

फॉर्मचं आईने बघितलं. नाव, गाव आणि किती प्लेट, एवढं मी लिहिलं होतं. आडनाव विचारलं नव्हतं. बाजारात नवीन माणूस भजी मागण्याआधी बाबांना गाव विचारतो, मग आडनाव विचारतो, आणि मग कधी कधी आपल्याला भूक नाही हे त्याच्या लक्षात येतं. इथे विचारणार आम्ही आणि सांगणार तो, हे आईला आवडलं. पण ती म्हणाली, "तोंड बघितल्याबिगर मी वाढू काय त्याला?" तुम्हाला तिची रीत माहीत आहे. बैल विकून आलेल्या माणसाला ती लगेच खायला देत नाही. आधी चहा देते आणि गप्प राहते. त्याला घास उतरत नाही, असं ती म्हणते. नवा बैल घेतलेल्याला मात्र न विचारता दोन मिरच्या जास्त. तेव्हा फॉर्ममध्ये तेही विचार, असा तिचा हट्ट. म्हणून मी खाली तीन चौकोन काढले: बैल विकला, बैल घेतला, नुसतेच आलात. (हर्षल सर म्हणाले की जगात असा फॉर्म दुसरा नसावा. ते कौतुकाने म्हणाले की कसे, हे कळलं नाही.)

फॉर्म भरला की तो सरांच्या दुकानात येतो. सर कागद छापतात आणि कानिफनाथांच्या हाती देतात, कारण त्यांची एसटी शुक्रवारी अकराला बाजारापाशी थांबते. सरांनी ही वेबसाइट दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला दाखवली. काल तीन कागद आले. ते कानिफनाथांनी वाटेत मोठ्याने वाचून दाखवले होते, त्यामुळे मी हातात घेण्याआधीच गाडीभर माणसांना मजकूर माहीत होता. किती प्लेट या रकान्यात मजकूर लिहिला होता, आणि तिन्ही बैलांबद्दल होते. एकाने जोडी चार दाती, म्हणजे तरुण, आहे का ते विचारलं होतं. दुसऱ्याने टेम्पोतून बैल घरपोच देता का असं विचारलं होतं. (फोटो समोरूनच आहे.) तिसरा शेवगावकडच्या एका मुलाचा होता, की वडिलांना शांत जोडी हवी आहे, ते याच गाडीने येत आहेत.

वडील खरोखरच गाडीतून उतरले. बाबांनी त्यांना आमच्या गल्लीतल्या साळूबाईंची विकायला आणलेली जोडी दाखवली, आणि दोन वाजता व्यवहार झाला. बाबा इतके खूश मी कधी बघितले नव्हते. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "पोरीच्या कॉम्प्युटरवनं बैलं गेली, बैलं!" मी म्हटलं, मग मी नगरला जाऊ ना? बाबा एकदम गंभीर झाले. "बैल गेलं. भजी न्हाई गेली. शब्द भज्यांचा हुता." त्याच वेळी ते शेवगावकर टेम्पोपाशी उभे राहून दुसरी प्लेट खात होते. मी त्यांच्याकडे बोट दाखवलं. बाबा म्हणाले, "त्यांनी तोंडानं मागितली." कानिफनाथांनीही मान हलवली. आईने मला चहा दिला.

आता दिवाळीआधी एकच बाजार आहे, येत्या शुक्रवारचा. बालवाडीचं काम वाईट नाही. मुलं मला आवडतात.

तुम्हा सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा. मामींना नमस्कार.

आपली,
सायली

ता. क. तुमच्या ऑफिसखाली इंटरनेटचं दुकान निघालं आहे, असं सम्राटने लिहिलं होतं. वेबसाइटचा पत्ता पाकिटात वेगळ्या चिठ्ठीवर आहे. गुरुवारी संध्याकाळपर्यंत एक प्लेट भजी मागवावीत. नाव दुसऱ्या कुणाचंही घालावं, आणि गाव पुणे लिहू नये. भजी मी खाईन. बाबांना कळता कामा नये.

ता. क. २. पाकीट बंद करणार इतक्यात बाबा आले. पत्र मामाला चाललंय का, असं विचारलं. मग बराच वेळ स्टोव्हची पिन शोधत बसले. शेवटी म्हणाले, "खाली लिव, एक प्लेट मागव म्हणावं तिकडनं. मी चारचौघांत बोलून बसलोय, मला मोडता येत न्हाई. आन् तुज्या आईला सांगू नको." तेव्हा मामा, वरची ता. क. रद्द समजावी. प्लेट एकच मागवावी आणि स्वतःच्याच नावाने मागवावी, म्हणजे तुम्ही त्यांचं ऐकलंत हे त्यांना कळेल. मी तुम्हाला याबाबत काहीही लिहिलेलं नाही.