परवान्यावरचा जुना नंबर

१२ मार्च

प्रिय ताई,

तीन महिने पत्र नाही, रागाव हवं तर. मी ठणठणीत आहे.

मी गाडीतून पेशंटना ज्या रस्त्यानं हॉस्पिटलात नेतो, तो भर शहरातला रस्ता फक्त परवान्याच्या गाड्यांना खुला असतो. नव्या गाडीचा नंबर परवान्यावर चढवायला मी विसरलो आणि कॅमेऱ्यात सापडलो. गाडीत तपासणीला निघालेल्या एक आजीबाई असतानाच मोबाइलवर नोटीस आली: खुलासा लिहून द्या.

गाडीचे मालक फोनच्या स्पीकरवर म्हणाले, "आजीबाई अत्यवस्थ होत्या असं लिही."

मागच्या सीटवरून आजीबाई म्हणाल्या, "लिही रे, मरायचं नाटक मी करते!"

पण त्या वाटभर शब्दकोडं सोडवत होत्या. उद्या खरंच कुणी अत्यवस्थ असलं, तर माझ्यावर विश्वास कोण ठेवेल? खरं लिहिलं तर लायसन्स महिनाभर जाईल, जाऊ दे. नोकरीचं बघू. बाबांना एवढ्यात सांगू नकोस. त्यांचा गुडघा कसा आहे?

तुझा धाकटा

उद्या: वाहतूक कार्यालयात जाऊन माझी चूक लिहून देणे.