तांदळाएवढे दिवे

सोमवार, १ डिसेंबर

आले एकदाची लेकीच्या घरी! जतवरनं सांगली, सांगलीवरनं सातारा, एसटीत बसून बसून कंबरेचा पार भुगा झाला. पण साताऱ्याच्या स्टँडवर जावई जीप घेऊन उभे दिसले आन् सगळा शीण गेला. जयराज नाव त्यांचं. पलटणीतनं रिटायर होऊन आलेत, मिशा मात्र अजून पलटणीतच हायत. मला मामी म्हणतात आन् माझ्या हातात पिशवी म्हणून राहू देत न्हाईत.

दीपमालेला नववा लागलाय. फाटकातच पोटाला हात लावला तर आतनं धडक बसली. म्हटलं, आगं, बाळ हाय का मेंढरू? ती म्हणाली, अव्वा, आल्या आल्या मेंढरं नकोत. हसत हसत रडली येडी.

घर धरणाच्या फुगवट्याच्या अगदी कडंला हाय. पुढचं दार रस्त्याकडं, मागचा व्हरांडा सरळ पाण्याकडं. आमच्या तिकडं टँकरचा भोंगा वाजला की घागरी घेऊन पळायचं, आन् हितं एवढं पाणी नुसतं पडलेलं. मी जाऊन आधी पाय बुडवून बसले. आमचे मालक, नाथाजी, असते तर मेंढरांसकट उतरले असते.

ही वही दीपमालेनं दिली. साक्षरतेच्या वर्गात शिकलेली अक्षरं गंजायला नकोत, रोज लिही म्हणाली. चुका काढणार न्हाई असं कबूल केलंय. बघू.

सांजच्याला दूध घालाय अंबूबाई आली. माझ्याच वयाची, बोलाय गोड. बोलता बोलता उठली आन् चालू लागली. येते न्हाई, काय न्हाई. दीपमाला म्हणाली, हितली सगळी अशीच. मला काय ते रुचलं न्हाई. आमच्यात दारातनं निघताना ‘येते’ म्हणतात. ‘जाते’ कुणी म्हणालं तर म्हातारी माणसं त्याच्या तोंडावर हात ठेवतात. पण मुक्यानं कुणी उठून जात न्हाई बाई.

बुधवार, ३ डिसेंबर

आज मला नोकरी लागली! पगार न्हाई, पण काम लय नाजूक.

जावई हितल्या बोट क्लबात कामाला हायत. क्लबाच्या दालनात ठेवाय त्यांनी एक लाकडी लाँच केलीय, हातभर लांबीची. खरी लाँच पूर्वी हितंच चालायची, धरणात गावं गेली तवा उठून गेलेल्या माणसांना ह्या काठावरनं त्या काठाला न्यायची. एका सांजंला तिचे दिवे गेले, काठ कुठं ते कळंना, आन् माणसांसकट बुडाली म्हणं. जावयांचं म्हणणं असं, की निदान ह्या लाँचीला तरी दिवे पायजेत.

दिवे आणलेत ते तांदळाएवढे! एकेकाला केसासारख्या दोन तारा. जावयांची बोटं म्हणजे काकड्या, चिमट्यात दिवा धरला की तो उडून जातोय. सकाळपासनं चार हरवले, एक तर माझ्या चहात सापडला. मी म्हटलं, आणा इकडं. मोतीबिंदू काढल्यापासनं मला मुंगीचे पाय दिसतात, आन् मणी ओवण्यात जन्म गेलाय.

काम असं हाय. तारेच्या टोकाचं रंगाचं साल खरवडायचं, मंग मणी ओवायच्या सुईला ती बांधून लाँचीच्या पोटातनं खाली ओढायची. खिडकीच्या काचा जावयांनी गोळ्यांच्या पाकिटाच्या प्लॅस्टिकच्या कापल्यात. आतनं सगळीकडं काळा रंग द्यायचा, न्हाईतर उजेड लाकडातनं पाझरतोय आन् लाँच कंदिलासारखी दिसती. ही माझी चूक. पहिल्या खोलीला रंग द्यायचा विसरले, सगळी भिंत पिवळी पडली. जावई म्हणाले, मामी, तुम्ही तर लाँचीला कावीळ केली!

दीपमाला खुर्चीवर बसून दोघांना हसत होती. हसताना बाळ उडतंय हे साडीवरनं दिसत होतं. असं सुख हाय.

शनिवार, ६ डिसेंबर

झालं! डाव्या अंगाला लाल, उजव्याला हिरवा, वर डोलकाठीवर पांढरा, आन् केबिनच्या सगळ्या खिडक्या पिवळ्याधमक. बुडाशी बटणाएवढा सेल. कळ दाबली आन् मी टाळ्याच वाजवल्या.

दिवेलागणीला मागच्या व्हरांड्यातनं पाण्यावर सोडली, दोरा बांधून. वारा पडलेला. लाँच हळूहळू लांब गेली. खिडक्यांचा उजेड पाण्यात हलत होता, आन् मला खरंच वाटलं, आत माणसं बसलीत, प्रवासाला निघालीत. पोरीला सासरी लावून देताना जसं भरून येतं तसं झालं. मी हात जोडले आन् म्हटलं, या हं. सावकाश या.

मागं धाडकन आवाज झाला. अंबूबाईच्या हातातनं दुधाची किटली पडली होती. सगळं दूध व्हरांड्यावर. भरपाई घे म्हटलं तर किटली तिथंच टाकून गेली.

दोरा ओढून लाँच आत घेतली. वाटलं होतं त्यापेक्षा जड लागली. पाणी शिरलं असंल म्हणून उलटी केली, तर कोरडी.

रविवार, ७ डिसेंबर

लाँचीची एक खिडकी मंद झालीय. झाकण काढून बघितलं, दिवा चांगला पेटतोय. झाकण लावलं की मंद. तार हलली म्हणावं, तर दुपारी शेजारची झाली, आन् पहिलीत अर्धा उजेड परत आला. चुलीपुढं कुणी बसलं की जाळ अर्धा झाकतो, आन् जरा सरकून बसलं की दिसतो. तसं.

दीपमालेला काय बोलले न्हाई.

रात्रीचं जेवण करताना आमच्या स्वयंपाकघरातला बल्ब बी तसाच झाला. त्याच्यापुढं तर कुणीच बसलेलं नव्हतं.

सोमवार, ८ डिसेंबर

आज दवाखान्यात तपासणीची तारीख होती. तिघं निघालो. ‘येतो’ म्हणून कडी लावली, जीप सुरू. चढ चढलो, देवीच्या देवळापाशी वळलो, गप्पा चालू होत्या, आन् बघतो तर पुढं आपलंच फाटक.

मी तर हसले. म्हटलं, जावईबापू, पलटणीत असंच रस्ता चुकत होता का? त्यांनी जीप फिरवली. परत देऊळ, परत वळण, परत फाटक. तिसऱ्यांदा कुणी हसलं न्हाई. दीपमाला पोट धरून बसली होती.

जावई चालत बी जाऊन आले. तेबी फाटकातच निघाले.

मंगळवार, ९ डिसेंबर

अंबूबाई रस्त्याच्या बाजूनं आली, फाटकाबाहेरच उभी राहिली. लय चिडली होती. माझ्यावर खेकसली, की आवं बाई, पाण्याकडं बघून ‘या’ म्हणतं का कुणी? आपण निरोपाला म्हणतो, पण ऐकणारा बोलावणं समजतो. त्या लाँचीतल्या माणसांना कुणी निरोप दिलेला न्हाई, म्हणून ती काठ शोधत्यात. म्हणून आमच्यात ‘या’ बी न्हाई आन् ‘येते’ बी न्हाई, मुक्यानं उठायचं. तुमी त्यांना दिवे लावून दिले आन् वर हात जोडून घरी बोलावलं. आता घर त्यांच्याकडं गेलं. हितनं ‘येते’ म्हणून निघाल तर हितंच येणार.

मी विचारलं, मंग काय करायचं? ती म्हणाली, मला म्हाईत असतं तर माझी बहीण... एवढं बोलून तशीच चालू लागली.

माझ्या तोंडानं झालं हे. माझ्याच.

बुधवार, १० डिसेंबर

जावयांनी सेल काढला. दिवे पेटतेच हायत.

तारा कापल्या. पेटतेच.

लाँच पाण्यात फेकली. घरात वळलो तर टेबलावर होती, कोरडी. आता एक खिडकी सोडली तर सगळ्या झाकल्या हायत. घरातले बल्ब बी तसेच. कुठंबी बसलं तरी अंगावर कुणाची तरी सावली.

मी हात जोडून लाँचीला म्हटलं, बाबांनो, चुकलं माझं, आता जा. आयुष्यात दारातल्या पाव्हण्याला जा म्हटलं नव्हतं, जीभ जड झाली. केबिनला कान लावला. आतनं डब्यात मटकी हलवावी तसा आवाज आला, लय माणसांचा, आदबशीर. तीबी आपल्यासारखीच माणसं. जा म्हटल्यावर म्हणाली —

येतो.

गुरुवार, ११ डिसेंबर

पहाटेपासनं दीपमालेच्या कळा. फोनवर ॲम्ब्युलन्सवाला म्हणतो, देवळापासनं पुढं रस्ताच न्हाई.

म्हटलं, ‘जाते’ म्हणून निघायचं. जावई ऐकंनात. सीमेवर जाताना बी येतो म्हणूनच निघालो होतो, मामी, असलं तोंडातनं काढणार न्हाई. मी म्हटलं, काढा. माझी पोर मराय लागलीय, काढा.

तिघं जीपमध्ये बसलो. तिघांनी म्हटलं. देऊळ, वळण... परत फाटक.

तवा कळलं. बोलावणं मी केलंय. पाव्हणं घरात असताना बोलावणारी कशी जाईल? मी उतरले. दीपमालेनं माझा पदर धरला होता, बोटं एकेक करून सोडवली. म्हटलं, म्हण. आईला म्हण. ती ओरडली, न्हाई म्हणणार. मंग कळ आली आन् तिनं म्हटलं.

जाते अव्वा.

कुठल्या आईनं लेकीकडनं असं वदवून घेतलं असंल?

जीप चढावर गेली. मी फाटक धरून उभी. परत आली न्हाई. आली न्हाई!

शुक्रवार, १२ डिसेंबर

नात झाली! गोरीपान, केसाळ, माझ्यासारखं चपटं नाक. फोनवर तिचं रडणं ऐकलं, मी हिकडं घरभर नाचले, पाव्हण्यांच्या सावल्यातनं नाचले.

जावई मला न्यायला निघाले होते. त्यांची जीप फिरून फिरून दवाखान्याच्याच दारात जाती. जातो म्हणून गेले, त्यांना हिकडची वाट न्हाई. मी म्हटलं, लय बेस. बाळ तिकडं सुखरूप. मी हिकडं. एवढंच मागणं होतं.

रविवार, १४ डिसेंबर

पीठ हाय. पाणी तर हायच. अंबूबाई मुक्यानं येती-जाती म्हणून तिला वाट हाय, फाटकाला दूध अडकवून जाती, वर बघत न्हाई.

घर हलकं हलतंय. वाऱ्यानं असंल. भांडी फळीवर सरकत्यात, हिकडनं तिकडं.

पुढच्या दारातनं रस्ता दिसायचा. आज धुकं हाय. धुक्याखाली — बघितलं न्हाई.

सोमवार, १५ डिसेंबर

दीपमालेचा फोन. दवाखान्यातनं सोडलं. बोलाय लागली, अव्वा, तुझ्यासारखंच नाक, बारसं कवा करायचं, नाव तू ठेव. मी खुशीत ऐकत बसले. मंग ती म्हणाली, तू एकटी हायस, मला घास जात न्हाई. अजून एकदा बघतो.

मी म्हटलं, नको.

ती म्हणाली, काळजी करू नकोस गं. येतो आमी.

आगं काय बोललीस! आगं ते मागं घे — फोन कट. परत लावते, नुसता पाण्याचा आवाज —

सांज

जीपचा हॉर्न. धुक्यातनं. पुढच्या दाराकडं.

लाँचीची ती मोकळी खिडकी आज उजेडानं भरलीय. वाट बघतीय.

कडी घातली. टेबल लोटलं. लिहिते म्हंजे तोंड गप्प राहील. एकच शब्द न्हाई बोलायचा. तोंडात पदर कोंबलाय.

दार वाजतंय. अव्वा दार उघड. जावई बी. मामी, रस्ता सापडला! हसत्यात. त्यांना पायाखालचं पाणी दिसत न्हाई —

गप. गप. मी न्हाई घरात. मागं फिरा माझ्या लेकरांनो, मागं

बल्ब सगळे दारापाशी मंद झाले. पाव्हणे सगळे दारापाशी उभे हायत. माझ्यासंगं. ऐकत्यात

बाळ रडतंय. थंडीनं. भुकेलं असंल — टाळू उघडी ठेवली असंल येड्यांनी — पदर सुटला तोंडातला — न्हाई बोलणार न्हाई — आगं माझी चिमणी ती, किती वेळ उभी गं दारात, ये गं ये माझी