पहिल्या ओळीत घाल

३ मार्च
पुन्हा गणितच! दोनदा आपटले त्यात. शिवणकारखान्याचे मालक म्हणाले, “दहावीचं प्रमाणपत्र आणा, कटिंगचं टेबल तुमचं.” नाहीतर जन्मभर बटणं टाचत बसायचं. सासूबाई म्हणाल्या, “मी घेते तुझा अभ्यास. लग्नाआधी मॅट्रिक झालेय मी.” माझ्या आईलाही हे सुचलं नसतं!

९ मार्च
डावीकडे क्षचा वर्ग, उजवीकडे चार. दोन्हींखाली छेद एकच — क्ष वजा दोन. छेद उडवला. उत्तरं दोन आणि उणे दोन. उरलेल्या ‘क्षवर्ग बरोबर चार’मध्ये घालून पाहिली, दोन्ही चपखल! सासूबाईंनी दोनावर फुली मारली. “पहिल्या ओळीत घालून बघ.” घातलं. छेद शून्य!

मग हे दोन आलं कुठून? “उद्या सांगते. आज डोळे चुरचुरतायत.”

खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंकडे रोज दुपारी गप्पा छाटायला जाताना नाही चुरचुरत ते!

१० मार्च
सांगितलं. “छेद उडवलास ना, तेव्हा तो शून्य नसावा ही अटही उडाली. मग नको ते उत्तर आत शिरलं.”

डोक्यात लख्ख! कारखान्यातली नवखी बाई दुसरी बाही पहिलीवरून कापते, तिसरी दुसरीवरून. शेजारशेजारच्या जुळतात — आणि कागदाच्या मूळ नमुन्यावर ठेवली की शेवटची बोटभर मोठी! हे तर मला येतच होतं की! सासूबाई इतक्या खूश, की चहा त्यांनीच केला.

२ एप्रिल
पेपर. एका गणिताला एकच उत्तर, आणि त्यानंच छेद शून्य! शेवटी लिहिलं — ‘उत्तर नाही’. घरी येऊन विचारलं, बरोबर का हो? “उद्या सांगते.” आजसुद्धा!

३ एप्रिल
बरोबर!!

२८ मे
सुटले! एकसष्ट! टेबल माझं. सासूबाईंच्या गळ्यात पडून रडले. यांचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

२९ मे
मास्तरीणबाईंना निकाल सांगायला गेले. म्हणाल्या, “दोघींचं अभिनंदन! तुझ्या सासूबाई रोज दुपारी माझ्याकडे शिकून मगच वर जायच्या. सातवीत शाळा सुटलेली, पण चिकाटी बघ!”

जिन्यातूनच परत फिरले. मग जाऊन परीक्षेचा अर्ज आणला, त्यावर सासूबाईंचं नाव घातलं, त्यांच्यापुढे ठेवला. म्हणाल्या, “उद्या सांगते.”