रोटंडाचा पुढचा हंगाम

मी, बेरिल हॉल्डस्वर्थ, कै. नॉर्मन हॉल्डस्वर्थ यांची पत्नी, राहणार चॅपल लेन, ऑर्मरॉइड, यॉर्कशर, हे मृत्युपत्र माझ्या घरात, माझ्या टेबलाशी बसून, माझ्या हाताने लिहीत आहे. माझे यकृत कामातून गेले आहे, डोके गेलेले नाही. या वर्षीचा उन्हाळा दाखवण्याचे डॉक्टरांनी कबूल केलेले नाही. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणू शकतील अशी माणसे माझ्या आधीच गेली. यापूर्वीचे मृत्युपत्र मी लेस्ली अँब्लर यांच्याकडून, ते वकिली करत असताना, तयार करून घेतले होते. ते मी आज रद्द करते.

१. माझे राहते घर मी माझी मुलगी जिलियन हिला देते. ती अ‍ॅबर्डीनला असते आणि इकडे परतणार नाही, हे मला ठाऊक आहे. तिने घर विकावे, मन खाऊ देऊ नये. स्वयंपाकघराच्या छताला ओल येते, ती गिऱ्हाइकाला आधी सांगावी. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. तिला नाटक कधी आवडले नाही. लहानपणी आम्ही तिला दर शनिवारी दुपारच्या प्रयोगाला ओढून नेत असू आणि ती मध्यंतरात विचारायची, "आता घरी जायचं?" तरीही गेल्या महिन्यात फोनवर तिने आपणहून विचारले, "आई, या वर्षी पहिल्या जानेवारीला कोण कोण येणार आहे?" मी म्हणाले, "कोणी नाही." त्यावर ती बराच वेळ गप्प होती. त्या गप्प राहण्याबद्दल मी तिची आभारी आहे.

२. नॉर्मनची हत्यारे. तो गादीकाम करायचा. वाकड्या सुया, चुंबकाची हातोडी, पट्टा ताणायची लाकडी फळी, घोड्याच्या केसांची पिशवी, हे सर्व जिन्याखालच्या पेटीत आहे. रोटंडा थिएटरच्या खुर्च्या त्यानेच भरल्या होत्या. पुढे आम्ही नाटकाला गेलो की पडदा वर जाईपर्यंत हा माणूस रंगमंचाकडे बघायचा नाही, लोक खुर्चीत कसे बसतात ते बघायचा. ही हत्यारे मोइरा लॅम हिला द्यावीत. मोइरा रोटंडाची रंगमंच व्यवस्थापक होती. आता ती बस चालवते, आणि जुन्या मेथडिस्ट चॅपलमध्ये, रोटंडातून बाहेर पडलेल्या चार माणसांना घेऊन नाटके करते. तिथल्या बाकांवर बसवत नाही. तिने ते भरून घ्यावेत.

३. घर सोडून माझी जी काही शिल्लक आहे, ती सर्व मोइराच्या मंडळीला द्यावी. तिने ती आधी चॅपल गरम ठेवण्यावर आणि दारातल्या पायऱ्यांशेजारी उतार बांधण्यावर खर्च करावी, नटांच्या कपड्यांवर मागाहून. माझी एकच अट आहे. पुढच्या हंगामाची जाहिरात, त्या हंगामाचे पैसे हातात आल्याशिवाय करू नये. लोकांना "बघू" असे सांगावे. "बघू" म्हटल्याने कोणी मरत नाही.

ही अट का, ते मी लिहून ठेवते, नाहीतर म्हातारी चक्रम होती असे मोइराला वाटेल.

दर वर्षी पहिल्या जानेवारीला दुपारी आमच्याकडे मंडळी जमत. नॉर्मन होता तोवर आम्ही चौघे, मग तिघे: मी, नेस्टा प्रोबर्ट आणि लेस्ली. नेस्टा वेल्सची, शाळेत भूगोल शिकवायची. लेस्ली वकील, आणि पुढे रोटंडाच्या विश्वस्त मंडळाचा अध्यक्ष. नाताळचा उरलेला केक, त्याच्यावर चीजचे काप, थंड हॅम आणि लेस्लीने आणलेली शेरी. चहा झाला की प्रत्येकाने येत्या वर्षाच्या नाटकांबद्दल दोन गोष्टी सांगायच्या: एक आशा आणि एक भाकीत. लंडनचा कोणता मोठा नट यंदा उत्तरेकडे फिरकेल, कोणते नाटक आठवड्यात आपटेल, कोणत्या थिएटरचे तिकीट ऐकून माणूस खाली बसेल. या दोन गोष्टींची सरमिसळ करायची नाही, हा नॉर्मनचा नियम. "आशेला पुरावा लागत नाही," तो म्हणायचा, "पण भाकीत केलंस तर जबाबदारी घे."

नेस्टाची भाकिते भयंकर असत. "यंदा सगळे नट मायक्रोफोन लावतील आणि तरी काही ऐकू येणार नाही," हे तिने फार आधी सांगितले होते आणि खरे ठरले. तिची आशा मात्र नेहमी एकच: रोटंडाचा प्रत्येक पहिला प्रयोग बघायचा.

तिचे घर टेकडीवर होते. मागे बाग, बागेत आंबट देठांचा रुबार्ब, आणि खाली गावात यायला उभ्या पायऱ्या. तिचे गुडघे गेले तसे संध्याकाळचे प्रयोग सुटू लागले. कोणी गाडीने नेले तर ती यायची, पण कोणाला सांगणे तिला आवडत नसे. दोन वर्षांपूर्वीच्या पहिल्या जानेवारीला ती म्हणाली, "मी घर विकतेय. रोटंडाच्या समोर तळमजल्यावर एक फ्लॅट निघालाय. दोन खोल्या, अंधाऱ्या, बाग नाही. पण रस्ता ओलांडला की थिएटर. काठी टेकत एकटी जाईन."

मी म्हणाले, "आणि रुबार्ब?"

"रुबार्ब दुकानात मिळतो. नाटक नाही मिळत." मग ती लेस्लीकडे वळली. "लेस्ली, गावात लोक काहीबाही बोलतायत. नगरपालिका हात आखडता घेणार म्हणे. मला आशा नको सांगूस. भाकीत सांग. पुढचा हंगाम आहे का?"

लेस्ली चीज कापत होता. त्याने सुरी खाली ठेवली नाही.

"हंगाम ठरलेला आहे," तो म्हणाला. "रोटंडा कुठे जात नाही. तू फ्लॅट घे बिनधास्त."

"हे भाकीत ना?"

"भाकीत."

नेस्टाने फेब्रुवारीत सामान हलवले. मार्चमध्ये तिने एक नाटक पाहिले, काठी टेकत, एकटीने. नाटक वाईट होते. ती इतकी खुशीत होती की तिने मला दुसऱ्या दिवशी त्याची तासभर निंदा ऐकवली.

ईस्टरनंतर दारावर नोटीस लागली. रोटंडा बंद. इमारत विकली, वर राहायच्या सदनिका होणार, खाली जिम. आतल्या लोकांनाही त्याच सकाळी कळले. मग फळ्या आल्या, परांची बांधली, तिच्यावर ताडपत्री. नेस्टाच्या खिडकीतून आता ताडपत्रीशिवाय काही दिसत नव्हते. दिवसभर ड्रिल चालायचे. खुर्च्या बाहेर काढून रस्त्यावर रचल्या तेव्हा मी तिच्याकडेच होते. नॉर्मनने भरलेल्या खुर्च्या. पावसात भिजत होत्या. नेस्टा म्हणाली, "बेरिल, पडदा लाव." मी लावला. तो तिने नंतर उघडला नाही.

टेकडीवर परत जाणे शक्य नव्हते. त्या घरात दुसरी माणसे आली होती आणि त्यांनी बाग फरसबंद करून गाडी उभी केली होती. मी म्हणाले, माझ्याकडे ये. ती म्हणाली, "तुझ्याकडे जिना आहे." ती खाईनाशी झाली. सूप नेले की विचारायची, "आज कुठे काय चाललंय?" मी लीड्सची नाटके सांगायचे, मँचेस्टरची सांगायचे. ती डोळे मिटून ऐकायची, आणि शेवटी म्हणायची, "तिथे मी कशी जाणार?" राग नव्हता त्यात. नोव्हेंबरमध्ये तिला न्यूमोनिया झाला. दवाखान्यात मी तिच्याजवळ होते. तिने कोणाला दोष दिला नाही. तो मी देते आहे.

दफनाच्या वेळी लेस्ली बोलायला उभा राहिला. "नेस्टाचं रोटंडावर प्रेम होतं," एवढे त्याने म्हटले आणि मी उठून बाहेर गेले.

४. माझ्या अंत्यविधीला कोणीही भाषण करू नये. फुले नकोत. दहन करावे, आणि त्या दिवशी मोइराचा दुपारचा प्रयोग असेल तर तो रद्द करू नये.

५. लेस्ली अँब्लर. गेल्या वर्षी, पहिल्या जानेवारीला, तो शेरीची बाटली घेऊन नेहमीप्रमाणे दारात उभा राहिला. मी त्याला आत घेतले. केक कापला. त्याने सुरुवात केली, लंडनमध्ये यंदा म्हणे जुनी संगीत नाटके फार येणार, तिकिटे अजून चढणार. मी मधेच विचारले, "तुला कधी कळलं होतं?"

तो समजला. "ऑक्टोबरात."

"म्हणजे ती विचारत होती तेव्हा तुला माहीत होतं."

"बेरिल, मंडळाची बैठक गुप्त होती. बाहेर फुटलं असतं तर नाताळचं बालनाट्य उभंच राहिलं नसतं. वसंतातले दौरे रद्द झाले असते. मी तिथल्या लोकांची पोटं बघितली. त्यांना तेवढे महिने तरी पगार मिळाला."

"मिळाला. आणि नेस्टा?"

"मला वाटलं, काहीतरी होईल. दर वर्षी शेवटच्या क्षणी काहीतरी होतंच. कोणी देणगी देतं, नगरपालिका नरमते. मला खरंच वाटत होतं."

"मग आशा म्हणायचं होतंस."

त्याने शेरीचा पेला उचलला. "'माहीत नाही' एवढं तरी म्हणायचंस," मी म्हणाले. "तिने फ्लॅट घेतला नसता." त्याने शेरीचा पेला तसाच ठेवला आणि कोट चढवला. तेव्हापासून आम्ही बोललो नव्हतो. लोकांची पोटे त्याने बघितली, हे खरे आहे, आणि मी ते इथे लिहिते. तो नेस्टाशी खोटे बोलला, हेही खरे आहे.

रद्द केलेल्या मृत्युपत्रात मी त्याला नॉर्मनची खुर्ची ठेवली होती, आमच्याकडे आला की लेस्ली जिच्यात बसायचा ती. ती आता कोणाला द्यायची, याचा निर्णय आज दुपारी त्याच्या समोरच करायचा म्हणून मी त्याला बोलावले. तो शेरी न घेता आला आहे. बायको गेल्यापासून त्याला इस्त्री जमत नाही, हे दिसते आहे. माझी शुश्रूषा करणारी नर्स ग्लेनिस टॉफ्ट हीही इथे आहे. मी त्याला वरचा सर्व मजकूर वाचायला दिला आणि सांगितले, "मला तू साक्षीदार हवायस."

त्याने चष्मा लावून सावकाश वाचले. मग म्हणाला, "साक्षीदाराला मजकूर वाचायची गरज नसते. तो फक्त सही बघतो."

"तू वाच."

"आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. मी सही केली तर खुर्ची मला देता येणार नाही."

"ते मला तूच शिकवलंयस."

त्याने पाने मागे उलटली. मग पाचव्या कलमावर बोट ठेवून म्हणाला, "इथे 'खोटे' लिहिलंयस. 'चुकीचे' असं लिहिता येईल."

"येईल," मी म्हणाले. "पण मी लिहिणार नाही."

"सही नाही केली तर?"

"तर ग्लेनिस शेजारच्या बाईंना बोलावेल, आणि खुर्ची तुझी. घेऊन जा आणि बस तिच्यात. मी मनात काही ठेवणार नाही, ठेवायला दिवसच नाहीत."

तो अजून बसलेला आहे. ग्लेनिसने चहा केला आहे आणि तिला हा सगळा प्रकार नीटसा कळलेला नाही. त्याने सही केल्यास खुर्ची मोइराच्या चॅपलमध्ये, दारापाशी, उभे राहवत नाही अशा माणसासाठी ठेवावी.

६. आज पहिली जानेवारी आहे, म्हणून रिवाजाप्रमाणे. माझी आशा: चॅपलमध्ये या वर्षी निदान एका प्रयोगाला बाक कमी पडावेत. माझे भाकीत: पडणार नाहीत. थंडीत लोक घरीच बसतील, आणि मोइरा तरी नाटक करील. भाकितापुरती मी जबाबदार आहे.

लेस्लीने आता पेन मागितले आहे. आधी माझी सही व्हावी लागते. नाव, पत्ता आणि व्यवसाय साक्षीदारांनी आपापल्या हाताने लिहावा.

वरील सर्व मजकूर मी वाचला असून तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे. दोघा साक्षीदारांच्या देखत, ते मला आणि मी त्यांना पाहत असताना, सही करते.

बेरिल हॉल्डस्वर्थ
ऑर्मरॉइड, १ जानेवारी २०२५

साक्षीदार
ग्लेनिस टॉफ्ट, मिल रोड, ऑर्मरॉइड. व्यवसाय: परिचारिका.

साक्षीदार
लेस्ली अँब्लर, पार्क टेरेस, ऑर्मरॉइड. व्यवसाय: रोटंडा थिएटरचा शेवटचा अध्यक्ष.