जो थांबू शकतो

शनिवार पेठ, पुणे
१२ जानेवारी २०२५

श्री. उत्तरेश्वरभाऊ यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमचा बार्शीचा पत्ता पोपटने दिला. तुमचं कोटिंगचं वर्कशॉप बंद झाल्यापासून तो आमचा टेम्पो चालवतो. वहिनींची तब्येत आता कशी आहे? आमच्या कारखान्यात कामं पुन्हा यायला लागलीत. पार्टना पावडर कोटिंग करायला तुमच्या जागी नवा माणूस मिळालाय. त्याला निम्मे पैसे आगाऊ देतो. तो मागतो, म्हणून.

तुमची भट्टी भंगाराच्या भावात गेली, हेही पोपटनेच सांगितलं.

हे फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर मी तुमच्याशी पाच महिने खोटं बोलले.

"मोठ्या कंपनीचे पैसे अडकलेत भाऊ, आले की पहिला चेक तुमचा." मेपर्यंत ते खरं होतं. मंदीचं कारण सांगून कंपनीने आमचं बिल द्यायची मुदत साठ दिवसांची एकशेवीस केली होती. जूनमध्ये मात्र पैसे आले. देण्यांच्या यादीत मी तुमचे चार लाख दहा हजार सगळ्यांत वर लिहिले. अनिरुद्धसाहेबांनी यादी पाहिली.

"आधी पत्रेवाल्याला द्या, तो माल थांबवतो. उत्तरेश्वर काय, ओरडत नाही. जो थांबू शकतो, त्याला थांबवायचं."

मी यादी पुन्हा लिहिली.

इथवर साहेबांचं. पुढचं माझं.

ऑगस्टमध्ये तुम्ही विचारलंत, "ताई, लहान उद्योगांचे पैसे पंचेचाळीस दिवसांत द्यायचा कायदा आहे, त्याखाली तक्रार करू का? वकील म्हणतो, व्याजासकट मिळतील."

मी म्हणाले, "तक्रार केलीत तर काम कायमचं जाईल. दिवाळीपर्यंत थांबा."

हे मला कुणी बोलायला लावलं नव्हतं. नोटीस आली असती तर तुम्हाला थांबवता आलं नाही म्हणून साहेब माझ्यावर घसरले असते, आणि त्याच महिन्यात माझी पगारवाढ ठरायची होती. मिळाली. अठराशे रुपये.

तुम्ही माझ्या शब्दावर थांबलात. कामगारांचे पगार द्यायला वहिनींच्या पाटल्या मोडल्यात, तेही मला तेव्हाच कळलं होतं. तरी पुढच्या सोमवारी तुमचा फोन आला तेव्हा मी तेच वाक्य बोलले, पहिला चेक तुमचा.

सोबत तुमच्या सगळ्या बिलांच्या प्रती आहेत, माल मिळाल्याच्या माझ्या सहीसकट. तक्रार अजूनही करता येते. वकिलांना दाखवा आणि साक्षीला माझं नाव द्या. साहेबांना मी उद्या सकाळी स्वतःच सांगणार आहे. नोकरी राहणार नाही, हे धरूनच चालले आहे.

माफी मागितली तर तुम्ही लगेच देऊन टाकाल. म्हणून मागत नाही.

तुमच्या भरवशाला न जागलेली,
दीपाली